मुदती पाळल्या, मूल मात्र थांबले

परदेशातील कुटुंबात दत्तक जाणाऱ्या मुलाच्या वाटेवरचा सर्वांत कठीण टप्पा कोणता, असे विचारले तर बहुतेक जण सुरुवातीच्या दीर्घ प्रतीक्षेचे नाव घेतील. प्रशासनात तीन दशके काढल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. सर्वांत कठीण टप्पा अखेरचा. दत्तक आदेश झालेला असतो, मूल आई-वडिलांना बिलगू लागलेले असते, विमानाची तिकिटे हाती असतात. आणि नेमक्या त्या वेळी एखाद्या अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा पडतो. या टप्प्याची संपूर्ण जबाबदारी कोणाही एका अधिकाऱ्यावर नाही, हा आपल्या व्यवस्थेतील दोष आहे. तो दूर करण्यासाठी नवा कायदा लागत नाही.

प्रश्न संख्येने लहान आहे. २०२३-२४ या वर्षात देशात ४,००९ मुले दत्तक दिली गेली; त्यांपैकी ४४९ देशाबाहेर गेली. परंतु ही मुले कोण असतात, हे पाहिले पाहिजे. निवासी भारतीय आणि अनिवासी भारतीय यांना प्राधान्य असल्याने लहान व निरोगी मुलांना बहुधा देशातच घर मिळते. परदेशी कुटुंबांकडे जाणाऱ्यांत वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा विशेष गरजा असलेली मुले अधिक असतात. ज्यांच्या उपचारांना उशीर परवडत नाही, त्यांच्याच वाट्याला कागदांची सर्वांत लांब साखळी येते.

दत्तकविधान आणि सरकारी मान्यता यांचा झगडा आपल्याला नवा नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. डलहौसीने तो राज्यापुरता अमान्य केला. झाशीच्या गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, ब्रिटिश अधिकाऱ्याच्या साक्षीने दामोदररावांना दत्तक घेतले; तरीही झाशी खालसा झाली. धार्मिक विधी पुरा झाला होता, खासगी मालमत्तेपुरता त्याचा परिणामही मान्य होता. मान्यता नव्हती ती सरकारच्या दप्तरात. पुढे १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर कवळाण्याचा मुलगा सयाजीराव म्हणून दत्तक आला, तेव्हा सरकारची संमती आधी घेतली गेली आणि विधी नंतर झाला. मधल्या काळात सत्तावनचा उठाव झाला होता, आणि संमतीचा प्रश्न शेवटच्या घटकेवर ढकलण्याची किंमत दोन्ही बाजूंना कळली होती.

आजची कागदपत्रे मात्र साम्राज्याच्या हव्यासातून आलेली नाहीत. १९८४ पूर्वी परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालकत्वाचा आदेश घेऊन मूल नेत असत; प्रत्यक्ष दत्तकविधान त्यांच्या देशात होई. ते झाले की नाही, हे पाहणारे येथे कोणी नव्हते. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी सविस्तर निकाल दिला. ‘कारा’ ही केंद्रीय दत्तक यंत्रणा १९९० मध्ये उभी राहिली. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. तरीही गैरप्रकार संपले नाहीत. पुण्यातील एका संस्थेच्या कारभाराची चौकशी २०१० मध्ये सीबीआयकडे सोपवावी लागली. म्हणून या साखळीतील शिक्के निरर्थक आहेत, असे मी कधीही म्हणणार नाही. पुष्कळ शिक्क्यांमागे कोणत्या तरी आईची फसवणूक आहे.

साखळी थोडक्यात अशी. बालकल्याण समिती मुलाला दत्तकासाठी मोकळे घोषित करते. कुटुंब मुलाला स्वीकारते, त्यांचा देश संमती कळवतो, ‘कारा’ ना हरकत प्रमाणपत्र देते. मग जिल्हा दंडाधिकारी दत्तक आदेश काढतात. त्यासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर हेग कराराच्या २३ व्या कलमाखालील अनुरूपता प्रमाणपत्र, जन्मदाखला, पारपत्र आणि शेवटी व्हिसा. नियमांत अनुरूपता प्रमाणपत्रासाठी तीन, जन्मदाखल्यासाठी पाच आणि पारपत्रासाठी दहा दिवस दिलेले आहेत. कागदावर यापेक्षा तत्पर व्यवस्था शोधून सापडणार नाही.

या मुदतींचे प्रत्यक्षात काय होते, ते मी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात पाहिले. तुमकूर रस्त्यालगतची ही वसाहत १९७० च्या दशकात उभी राहिली. हजारो लहान-मोठ्या कारखान्यांत येथे यंत्रांचे सुटे भाग घडतात. दुसऱ्या टप्प्यात माझ्या परिचयाचे, मूळचे बेळगावचे एक मराठी उद्योजक आहेत. युरोपात स्थायिक झालेली त्यांची बहीण आणि तिचे पती साडेतीन वर्षांची एक मुलगी दत्तक घेत होते. मुलीला जन्मतः ऐकू येत नव्हते. ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर नियमांनुसार ती दत्तकपूर्व संगोपनासाठी या दांपत्याकडे आली आणि मामाच्या घरी राहू लागली. तिकडच्या रुग्णालयात तिच्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. भाषा ग्रहण करण्याच्या वयात ही शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितका लाभ अधिक.

दत्तक आदेश मुदतीत निघाला. पारपत्राचा अर्ज मात्र परत आला. बालकल्याण समितीच्या आदेशात जन्मतारीख ०३/०९ अशी आकड्यांत होती, म्हणजे तीन सप्टेंबर. दत्तक आदेश टंकलिखित करताना कोणीतरी ती नऊ मार्च अशी वाचली आणि महिना अक्षरांत लिहिला. अनुरूपता प्रमाणपत्र आदेशावरून निघाले, म्हणून त्यातही मार्च आला. जन्मदाखल्यात सप्टेंबर राहिला. एकाच मुलीच्या दोन जन्मतारखा असताना पारपत्र देता येणार नाही, हे त्या कार्यालयाचे म्हणणे निर्विवादपणे योग्य होते.

दुरुस्तीसाठी आदेशाचे शुद्धिपत्रक हवे; त्यासाठी अर्ज, टिपणी, नस्ती आणि स्वाक्षरी. शुद्धिपत्रक मिळाल्यावर नवे अनुरूपता प्रमाणपत्र. ते आल्यावर पारपत्राचा नवा अर्ज, आणि पारपत्र हाती आल्यावर व्हिसासाठी नव्याने वेळ. दरम्यान वडिलांची रजा संपली आणि ते परत गेले. शस्त्रक्रियेची तारीख हुकली. रोज संध्याकाळी फाटक वाजले, म्हणजे ते हललेले दिसले, की मुलगी बोटाने दाराकडे खूण करून वडिलांविषयी विचारी, असे तिची आई सांगत असे.

ती नस्ती मी कारखान्यातील लहानशा कार्यालयात बसून तारीखवार लावली. निष्पन्न झाले ते असे: एकाही कार्यालयाने आपली मुदत मोडली नव्हती. प्रत्येकाचे घड्याळ परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून सुरू झाले आणि प्रत्येकाने वेळेत काम उरकले. तरीही पाच आठवडे गेले. मुदत कार्यालयाची मोजली जात होती. मुलीची कोणीच मोजत नव्हते.

त्या उद्योजकाने मला एक गोष्ट दाखवली. “काका, ग्राहकाने ड्रॉइंग बदललं की त्यावर नवा रिव्हिजन नंबर येतो, आणि जुनं ड्रॉइंग त्याच दिवशी सगळ्या मशीनवरून काढून घेतात. नाहीतर एक माणूस जुन्या मापाने काम करतो, दुसरा नव्या, आणि शेवटी जोडणीच्या वेळी कळतं. तुमच्याकडे सगळं जोडणीच्या वेळीच कळतं.” मुलाची तुलना यंत्राच्या भागाशी करू नये, हे मान्य. मुलाच्या बाबतीत तपासणी कितीतरी अधिक कठोर हवी. पण तिचा क्रम तरी कारखान्याइतका शहाणा असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वाटेच्या शेवटी नियम बदलले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयांकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला आणि प्रलंबित प्रकरणेही त्यांच्याकडे वर्ग करण्याचे ठरले. महिनोन्‌महिने न्यायालयात थांबलेल्या पालकांपुढे पुन्हा प्रारंभापासून चालावे लागण्याची भीती उभी राहिली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करून प्रलंबित प्रकरणे न्यायालयातच ठेवण्याचा अंतरिम आदेश द्यावा लागला. बदलाचा हेतू वेग वाढवण्याचा होता. वाटेत असलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न वेळीच पुरेसा विचारला गेला नव्हता.

उपाय साधे आहेत. पहिला, ना हरकत प्रमाणपत्रापूर्वी मुलाचे नाव, जन्मतारीख आणि दत्तक पालकांची नावे सर्व कागदांवर ताडून पाहावीत, जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करावे आणि पुढचा प्रत्येक कागद त्या एकाच नोंदीवरून निघावा. जन्मतारखेतील महिना सर्वत्र अक्षरांत लिहावा. दुसरा, लेखनिकाची चूक आणि वस्तुस्थितीतील विसंगती यांत भेद करावा. पहिलीची दुरुस्ती दोन कामकाजाच्या दिवसांत व्हावी आणि तिच्यावर अवलंबून असलेले कागद एकापाठोपाठ न निघता एकाच वेळी निघावेत. तिसरा, दत्तक आदेशापासून प्रस्थानापर्यंत प्रत्येक मुलाला किती दिवस लागले, हा आकडा जिल्हावार प्रसिद्ध करावा. जे मोजले जाते त्याची विचारणा होते, हा सेवेतील माझा अनुभव आहे.

घाई केली की मुलांचा व्यापार करणाऱ्यांचे फावते, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु हा व्यापार पारपत्राच्या खिडकीवर पकडला जात नाही. तो पकडायचा असतो प्रारंभी: मूल सोपवणाऱ्या आईची संमती खरी होती का, पुनर्विचारासाठी कायद्याने दिलेले दोन महिने तिला खरोखर मिळाले का, सापडलेल्या मुलाच्या आप्तांचा शोध मनापासून घेतला का. तेथे हवा तितका वेळ घ्यावा. तेथील विलंब मुलाच्या हिताचा आहे. सगळी शहानिशा झाल्यावर, सरकारनेच आई-वडील म्हणून मान्य केलेल्या माणसांजवळ मूल झोपत असताना, दोन आकड्यांच्या अदलाबदलीसाठी त्याला थांबवणे ही दक्षता नव्हे.

ती मुलगी अखेर गेली. शस्त्रक्रियेसाठी तिला पुढची तारीख मिळाली, ती चार महिन्यांनंतरची. एखाद्या विभागाच्या वार्षिक अहवालात चार महिने ही किरकोळ बाब असते. साडेतीन वर्षांच्या, अजून एकही शब्द न ऐकलेल्या मुलीच्या आयुष्यात ती तशी नसते. प्रशासनाने आपली मुदत मोजताना हा हिशेबही मांडला पाहिजे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)