येझदीचा पेट्रोल कॉक

द्वितीय वर्ष, कला

या अंकात कविता असतील, ललित लेख असतील, कुणी सहलीचे वर्णन लिहिले असेल. त्यांच्यामध्ये मोटारसायकलच्या टाकीखाली असलेल्या बोटभर लांबीच्या तोटीवर लेख पाहून काही मित्रांना हसू येईल, याची मला कल्पना आहे. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कादंबरीवर किंवा समीक्षेवर लिहिणारे माझ्याहून चांगले विद्यार्थी वर्गात आहेत. पेट्रोल कॉक खोलून नीट बसवणारे मात्र फारसे नसतील. तेव्हा जे हाताला ठाऊक आहे तेच लिहितो.

आमच्या घरी १९८४ सालची येझदी आहे. आण्णा रोज पहाटे तिला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीला दूध घालायला जातात. गाडीचे मूळ घराणे चेकोस्लोव्हाकियातल्या जावाचे. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना सुरू झाला आणि त्या गाड्या आपल्याकडे बनू लागल्या. १९७३ पासून त्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आले. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. येझदी नावाच्या नव्या गाड्या २०२२ पासून पुन्हा निघाल्या आहेत, पण त्यांना पेट्रोल इंजेक्शनने मिळते आणि त्यांच्यात हा कॉक नाही. जुन्या येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा आमच्याकडे येऊन जरूर पाहावे. अशा गाडीचे सुटे भाग मिळवणे ही आता थोडी शोधाशोध झाली आहे, आणि म्हणूनच दुरुस्ती करायची की नवे घ्यायचे हा प्रश्न आमच्याकडे कायमचा असतो.

प्रथम कॉक काय करतो ते पाहू. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते, त्याला पंप लागत नाही. वाटेत जी तोटी बसवली आहे तिला तीन जागा असतात : बंद, चालू आणि रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी अशी पुष्कळांची समजूत असते. तसे काही नसते. कॉकची एक नळी टाकीच्या आत दोन-तीन बोटे उंच उभी असते आणि दुसरे तोंड अगदी तळाशी असते. लिव्हर 'चालू'वर असताना पेट्रोल उंच नळीतून येते. टाकीतली पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देऊ लागते. मग लिव्हर फिरवून तळाचे तोंड उघडायचे आणि पंप गाठायचा. ही उंच नळी चिरली किंवा गळून पडली तर रिझर्व्ह उरतच नाही आणि गाडी काहीही न सांगता माळावर उभी राहते.

लिव्हरच्या मागे एक रबरी चकती असते. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत तिला 'चार भोकांची गास्केट' म्हणतात. एक भोक उंच नळीचे, एक रिझर्व्हचे, एक खाली कार्बोरेटरकडे जाणारे. चौथ्यामागे वाट नसते. लिव्हरच्या पाठीला एक खाच कोरलेली असते. लिव्हर फिरेल तशी ती खाच खालच्या भोकाला कधी एका वाटेशी, कधी दुसऱ्या वाटेशी जोडते आणि बंद असताना कशाशीच जोडत नाही. लिव्हर गास्केटवर दाबून धरायला लाटेसारखी वाकवलेली एक पातळ पोलादी चकती असते. कॉकची सगळी करामत एवढीच. कॉकचे पितळी अंग वर्षानुवर्षे टिकते. झिजते ती गास्केट आणि थकते ती स्प्रिंगची चकती.

कॉक गळतो म्हणजे कुठून गळतो, हे आधी ठरवावे. टाकी आणि कॉक यांच्या सांध्यात ओल दिसली तर तिथला फायबर वॉशर गेला. लिव्हरच्या कडेने थेंब येत असतील तर गास्केट कडक झाली आहे किंवा स्प्रिंग मऊ पडली आहे. तिसरा प्रकार लबाड आहे. बाहेर एकही थेंब नसतो, पण लिव्हर बंद असूनही आतून पेट्रोल झिरपत राहते. कार्बोरेटरची सुई शाबूत असेल तर ती त्याला अडवते. तीही झिजली असेल तर कार्बोरेटर भरून वाहतो, किंवा पेट्रोल हळूहळू इंजिनच्या पोटात उतरते. मग सकाळी किक जड लागते, प्लग ओला निघतो आणि गाडी सुरू झालीच तर गल्लीभर धूर. यावर पुष्कळ जण प्लग बदलतात. बिचाऱ्या प्लगचा त्यात काही दोष नसतो. रात्री कार्बोरेटरकडची नळी काढून तिचे टोक एका बाटलीत सोडून ठेवले की खरे काय ते सकाळी कळते.

आम्ही गेल्या उन्हाळ्यात तसे केले. कॉक बंद ठेवून रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत बाटलीत सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल जमले. महिन्याचा हिशेब ६ लिटरांचा झाला, आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे. माझ्या महिन्याच्या एस.टी. पासाला जेवढे लागतात त्याच्या आसपास पैसे दर महिन्याला थेंबाथेंबाने जात होते. आण्णांना हा हिशेब लगेच पटला.

मला मात्र पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली होती. आमची गाडी गोठ्याच्या पडवीत उभी असते. एका बाजूला कडब्याची गंजी, पलीकडे आंघोळीचे पाणी तापवायची चूल. आई ती पहाटे साडेचारला पेटवते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साठते. शिवाय उणे ४० अंश सेल्सिअसलासुद्धा पेट्रोलला पेट घेण्याइतकी वाफ सुटते. आपल्याकडच्या मे महिन्याची गोष्टच सोडा. थेंब चुलीपर्यंत पोचण्याची गरज नसते, वाफ पोचली की पुरे. 'थोडासा वास येतो, जुनी गाडी म्हटली की यायचाच' असे म्हणणारे लोक मी गावात पाहिले आहेत. हे म्हणणे मला बिलकूल मान्य नाही. कॉक दुरुस्त होईपर्यंत आम्ही गाडी बाहेर चिंचेखाली लावली.

आता दुरुस्ती. काम उघड्यावर, दिवसा, विडी-काडीपासून दूर करावे. टाकी धातूच्या कॅनमध्ये पूर्ण रिकामी करावी. कॉक टाकीपासून सोडवताना पाना घट्ट बसणारा हवा. पकडीने पितळेचे कोपरे मोडतात आणि मग पुढच्या वेळी कुणालाच तो नट सुटत नाही. लिव्हरच्या तोंडावरचे दोन बारीक स्क्रू काढले की झाकण, स्प्रिंग, लिव्हर आणि गास्केट क्रमाने बाहेर येतात. ती पांढऱ्या फडक्यावर त्याच क्रमाने मांडावीत. खालच्या वाटीत गंज आणि चिकट गाळ सापडतो. वाटी आणि जाळी रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊन, दोन्ही वाटा उलट बाजूने हवा मारून मोकळ्या कराव्यात.

मग लिव्हरची पाठ उजेडात धरून पाहावी. तिच्यावर चरे असतील तर नवी गास्केटही महिन्याभरात गळू लागते. काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर ऑइलचे दोन थेंब टाकून, लिव्हरची पाठ हलक्या हाताने मराठी चाराच्या आकड्यासारखी फिरवावी. पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसू लागला की थांबावे. स्प्रिंग चपटी झाली असेल तर बदलावी. नव्या गास्केटला टू-स्ट्रोक ऑइलचे बोट लावून सगळे पुन्हा बसवावे. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच आधी आवळला तर झाकण तिरके बसते.

गास्केट कशाची घ्यायची, हा या कामातला महत्त्वाचा मुद्दा. आमच्याकडे सायकलच्या ट्यूबमधून चकती कापून बसवायची पद्धत आहे. दोन-चार दिवस ती अगदी झकास चालते. पुढे ते रबर पेट्रोल पिऊन फुगते, लिव्हर फिरेनाशी होते आणि भोके मिटत जातात. पूर्वी काही गाड्यांच्या कॉकमध्ये बूच असे, तेच बाटलीला लावतात ते. बूच पेट्रोलला दाद देत नाही, पण गाडी बरेच दिवस कोरडी राहिली की आकसते. जुने कारागीर ते गरम पाण्यात भिजवून फुगवत आणि पुन्हा वापरत. नायट्राइल रबर पेट्रोलला टिकते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. आमची गाडी बनली तेव्हा हा विचार कुणी केलेला नव्हता. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, त्याने टाकी आतून गंजते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. सांधे बंद करायला पूर्वी लाख लावत. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, आणि त्यात लाख विरघळते. म्हणून मिळाली तर व्हायटॉन नावाच्या रबराची गास्केट घ्यावी. ती महाग पडते, पण इथेनॉलचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. सांध्यावर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, असे माझे मत आहे. टेपला पेट्रोल काही करत नाही, पण तिचे धागे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. चांगला फायबर वॉशर असेल तर टेप लागत नाही.

नवा कॉक केव्हा घ्यावा? अंगालाच चीर गेली असेल, आटे मेले असतील किंवा उंच नळी परत बसवण्याजोगी राहिली नसेल तेव्हा. एरवी मी जुन्याच्याच बाजूने आहे. बाजारात मिळणारे काही नकली कॉक हलक्या ओतीव धातूचे असतात. त्यांचे आटे एकदोनदा खोलण्यातच जातात. एकाची रिझर्व्हची नळी तर करंगळीच्या नखाएवढी होती. म्हणजे रिझर्व्ह नावापुरतेच. नवा घेतलाच तर दुकानातच दोन्ही वाटांतून तोंडाने फुंकून पाहावे आणि 'बंद'वर हवा अजिबात जात नाही ना, हेही पाहावे. दुकानदार हसला तरी चालेल.

टाकीत एकदम पेट्रोल भरू नये. आधी अर्धा लिटर घालून, खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवावे. निव्वळ पेट्रोल उडून जाते आणि मागे खूण ठेवत नाही. पण आमच्या गाडीत लिटरला ४० मिलिलिटर ऑइल मिसळलेले असते, त्याचा डाग कागदावर राहतो. आमच्या कागदावर पहिल्या रात्री एक डाग पडला, तो टाकीच्या सांध्याचा. वॉशर बदलल्यावर तोही थांबला. एवढे करूनही गाडी चालता चालता बंद पडू लागली तर कॉकला बोल लावण्याआधी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातले हवेचे भोक बुजले की आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

आण्णांची एक जुनी सवय मिस्त्रींनाही मान्य आहे. डेअरीहून परतताना ते मारुतीच्या देवळापाशी कॉक बंद करतात आणि कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी सावकाश घरापर्यंत येते. रात्रभर कार्बोरेटर जवळजवळ रिकामा राहतो, त्यात चिकटा धरत नाही. फक्त हे वेगात करू नये, कारण या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच. पेट्रोल संपत आले की ऑइलही संपत येते. देवळापासून आमचे घर हाकेच्या अंतरावर आहे, तेवढे चालते.