इंजिनाचा कान, घाटाचा रस्ता

नेसरीत नवी गाडी दारात लागली, की हार-नारळ व्हायच्या आत पहिला प्रश्न येतो, "किती देतीया?" मग बॉनेट उघडतं, चारजण आत डोकावतात, एकजण "रेस दे जरा" म्हणतो आणि आवाज ऐकून निकाल सांगून मोकळा होतो. टायरकडं कुणी वाकून बघत नाही, ब्रेकचा तर विषयच निघत नाही. माझं मत पहिल्यापासून हेच आहे, की आपण इंजिनाचे फार लाड करतो.

लाडाला कारणही आहे. कोल्हापूर हा इंजिनावर वाढलेला जिल्हा. विहिरीवर, नदीकाठावर ऑइल इंजिन बसलं, त्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि ते इंजिन खोलून जोडणारा माणूस गावोगावी तयार झाला. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांनी हातातल्या कसबावर यंत्रं घडवली. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून गाड्यांचे भाग देशभर जाऊ लागले. अशा मुलखात धुराच्या रंगावरून रोग ओळखणारे फिटर असणारच.

नेसरीतून अडकूर, चंदगडकडं माणसं नेली ती वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपनं. ट्रॅक्स आणि कमांडर म्हणजे आतले, टपावरचे आणि मागच्या फळीवर लोंबकळणारे मिळून एक गाव. १९९४ साली सुमो आली. टाटांच्या सुमंत मूळगावकरांच्या नावातली अक्षरं घेतलेली. २००० साली बोलेरो आली आणि ती अजून हटत नाही. मागचे पाटे खड्ड्याला घाबरत नाहीत, चेसी दणकट आणि बिघडली तर कोल्हापूरला न्यावी लागत नाही. आरामाच्या नावानं शून्य, हेही खरं. मारुती ८०० ला आमच्याकडं कितीतरी दिवस डबडं म्हणत. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेलं ते डबडं २०१४ पर्यंत बनत राहिलं आणि मास्तर मंडळींना त्यानंच पहिल्यांदा चारचाकीत बसवलं.

आता सगळ्यात चिवट समजूत: उतारावर गाडी न्यूट्रल केली की तेल वाचतं. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल केलं, की इंजिन चालू राहण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचवायला गेलेला माणूस खर्च करतो, वर ब्रेकवर सगळा भार टाकतो. चावी बंद करणारे महाभाग तर वेगळेच. बूस्टरमधली हवेची ओढ दोन-चार दाबांत संपते, मग पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड पडतं. तिलारी घाटात हा प्रयोग करू नये. ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम मला कुठल्याही पुस्तकापेक्षा पटतो.

ब्रेक ऑइलचं कुणी नावच काढत नाही. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे लोक ब्रेक ऑइल गाडी विकेपर्यंत तेच ठेवतात. ते हवेतली ओल पितं आणि आपल्या भागात ओलीला तोटा नाही. आंबोलीचा पाऊस जवळच कोसळतो. ओल धरलेलं तेल लांब उतारावर तापून उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांनी ते बदलायचा खर्च गाडीच्या सीटकव्हरहून कमी आहे.

टायरचंही तसंच. बाजूच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की कायद्यानं टायर संपला. पण पावसाळ्यात, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणून टाकलेल्या तांबड्या चिखलावर, तो त्याच्या कितीतरी आधीच संपलेला असतो.

नव्या डिझेल गाड्यांचं दुखणं निराळंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि धूर गाळणारा फिल्टर आला. काजळी जाळायला त्याला सलग, बऱ्यापैकी वेगाचं धावणं लागतं. बाजार, शेत, दूध डेअरी एवढीच ज्याची फेरी, त्याचा फिल्टर चोंदतो आणि दिवा पेटतो. अशा माणसानं पेट्रोल गाडी घ्यावी, असं मी सांगतो आणि "पेट्रोल किती देतीया?" हे ऐकून घेतो.

त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. इथं गंमत होते. इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि उसाचा दर मागणारा माणूसच पंपावर मायलेज पडल्याची तक्रार करतो. दोन्ही बाजूंनी तो बरोबर आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा, त्यामुळं लिटरमागं थोडं कमी मिळणारच. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर मात्र तपासून घ्यावेत. २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशेबानं बनल्या आहेत.

राहिला रात्रीचा प्रवास. उसाचा हंगाम सुरू झाला, की गडहिंग्लज रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असतो, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. आमची पोरं पांढरेफेक दिवे बसवून अप्पर मारत जातात. धुक्यात तोच उजेड परत त्यांच्या डोळ्यांवर येतो. डिप्पर ठेवावा, वेग कमी करावा. आणि कारखान्याच्या गेटावर वजनकाटा असतो तसा रिफ्लेक्टरशिवाय ट्रॉली आत न घेणारा माणूसही उभा करावा, कारण प्रत्येक ट्रॉली न चुकता येते अशी ती एकच जागा आहे.