‘पहिलं’ कार्ड ठरवतं कोण?

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिचा दहा वर्षांचा मुलगा बेसबॉलचा वेडा आहे. मागे एकदा फोनवर तो अगदी रडवेला झाला होता. आपल्याजवळची दोन चांगली कार्डं देऊन त्यानं मित्राकडून एका तरुण खेळाडूचं ‘पहिलं’ कार्ड घेतलं होतं. कार्डावर ‘पहिलं’ असं छापलेलंसुद्धा होतं. पण वर्गातल्या दुसऱ्या एका मुलानं ते पाहिलं आणि जाहीर केलं, की हे काही खरं ‘रूकी कार्ड’ नाही. “नाना, पहिलं म्हणजे पहिलंच ना?” नातवानं मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी या विषयात शिरलो, आणि शिरल्यावर लक्षात आलं की पोराचा प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही.

आधी ही कार्डं म्हणजे काय ते सांगतो. १९८०च्या दशकात आपल्याकडे बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रं मिळायची आणि पोरं बाकाखाली त्यांची अदलाबदल करायची, हे अनेकांना आठवत असेल. अमेरिकेत हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. आधी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं येत, मग गोळ्या-चॉकलेटांबरोबर, आणि १९३०च्या दशकापासून मुख्यतः च्युइंगमबरोबर. पुढे खेळाडूचं चित्र, पाठीमागे त्याची माहिती आणि आकडे, असा हा पुठ्ठ्याचा तुकडा. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स या दोन कंपन्यांत चुरस लागली. १९५६ साली टॉप्सनं बोमनला विकतच घेतलं आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं बाजार तिच्याच हातात राहिला.

‘रूकी’ म्हणजे नवखा. तेव्हा रूकी कार्ड म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, इतकी सोपी व्याख्या कुणीही करील. भानगड त्यानंतर सुरू होते.

मिकी मँटल हा न्यूयॉर्क यँकीज संघाचा गाजलेला खेळाडू. ऑगस्ट २०२२मध्ये त्याचं एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. तोवर खेळाच्या कुठल्याही कार्डाला एवढी किंमत आलेली नव्हती. हे कार्ड टॉप्सचं, १९५२ सालचं. पुष्कळ लोक आजही त्याला मँटलचं पहिलं कार्ड समजतात. पण ते पहिलं नव्हेच! मँटल १९५१च्या एप्रिलमध्ये मैदानात उतरला आणि त्याच वर्षी बोमननं त्याचं कार्ड काढलं होतं. पहिलं आहे ते हे. पण मान आणि दाम दोन्ही दुसऱ्याला मिळाले. त्याची कारणं आहेत. १९५२चा टॉप्सचा संच आकारानं मोठा, रंगांनी देखणा होता. तो टप्प्याटप्प्यानं बाजारात येत गेला आणि मँटल होता शेवटच्या टप्प्यात. तोवर हंगाम सरत आला होता, मुलांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. न खपलेली कार्डं वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली आणि १९६० साली कंपनीनं ती जहाजात भरून अटलांटिक महासागरात बुडवली. जी उरली ती दुर्मीळ झाली.

म्हणजे ‘पहिलं’ आणि ‘मोलाचं’ या दोन वेगळ्या गोष्टी. पण १९८०च्या सुमारास या दोहोंची गाठ पडली. खेळाडूच्या पहिल्या कार्डाला जास्त पैसे मोजायचे, ही चाल तोवर फारशी रूढ नव्हती. ती रूढ झाली आणि ‘पहिलं’ म्हणजे काय, याला एकदम किंमत आली. याच वेळी बाजारही बदलला. १९८० साली न्यायालयाच्या एका निकालानं टॉप्सची मक्तेदारी मोडली आणि १९८१मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या मैदानात आल्या. पुढे वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि च्युइंगमबरोबर कार्ड विकण्याचा हक्क टॉप्सचाच, असं ठरवलं. तर या दोघींनी च्युइंगम काढून टाकलं. एकीनं स्टिकर घातले, दुसरीनं चित्रकोड्याचे तुकडे. कार्डं चालूच राहिली! आता एकाच खेळाडूची एकाच वर्षी तीन कंपन्यांची ‘पहिली’ कार्डं निघू लागली.

एवढ्यानं भागलं नाही. टॉप्सनं हंगामाच्या अखेरीस आणखी एक पुरवणी संच काढायला सुरुवात केली. तो पाकिटांतून मिळत नसे. कार्डांच्या दुकानदारांकडून पूर्ण डबाच घ्यावा लागे. बाल्टिमोरच्या कॅल रिपकनचं उदाहरण घ्या. १९८२च्या टॉप्सच्या नेहमीच्या संचात तो आहे, पण एका कार्डावर तीन नवखे खेळाडू दाटीवाटीनं बसवले आहेत, त्यांतला एक. त्याच वर्षीच्या पुरवणी संचात मात्र तो एकटा, ऐटीत. नियमाप्रमाणे रूकी कार्ड ते तिघांचं. हौशी लोक जास्त पैसे मोजतात ते एकट्याला.

हा ‘नियम’ कुणाचा? जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकाच्या अखेरीस कार्डांच्या भावांचं पुस्तक काढलं आणि १९८४पासून मासिक सुरू केलं. त्या याद्यांत कार्डापुढे दोन अक्षरं छापली जात, ‘आरसी’. ती असली की ते रूकी कार्ड. कसोटी साधारण अशी : कार्ड मोठ्या कंपनीचं हवं, त्याला खेळाच्या संघटनेची मान्यता हवी, ते देशभर विकलेलं हवं, आणि मुख्य संचातलं हवं, वरून घातलेलं जादा कार्ड चालणार नाही. डब्यातून विकलेल्या पुरवणी संचांसाठी ‘एक्सआरसी’ असा वेगळा शिक्का निघाला. रॉजर क्लेमेन्स १९८४ साली खेळू लागला. त्या वर्षीच्या फ्लीअरच्या पुरवणी संचात त्याचं कार्ड आहे, पण ते ‘एक्सआरसी’. ‘आरसी’ ठरली ती १९८५ची कार्डं. म्हणजे आधीचं ते अर्धंमुर्धं पहिलं आणि नंतरचं ते पूर्ण पहिलं! देवळाबाहेर उभं राहून घेतलेलं दर्शन आणि गाभाऱ्यातलं दर्शन, असा काहीसा हा भेद.

दुसऱ्या टोकाला घाईही होती. १९८९ साली अपर डेक या नव्या कंपनीनं आपल्या पहिल्याच संचाचं पहिल्या क्रमांकाचं कार्ड केन ग्रिफी ज्युनिअर या १९ वर्षांच्या पोराला दिलं. तोवर तो मुख्य स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, एकही सामना खेळला नव्हता. मेजर लीगच्या टोपीतलं त्याचं छायाचित्रही नव्हतं. खालच्या लीगमधल्या फोटोतल्या टोपीवर रंगकाम करून तिला सिअ‍ॅटलच्या संघाची टोपी बनवलं गेलं. पैज लागली, ग्रिफी महान खेळाडू झाला. पण अशा पैजा मग सर्रास सुरू झाल्या. शाळा-कॉलेजातल्या पोरांची कार्डं निघू लागली. त्यांतली कित्येक पोरं मेजर लीगपर्यंत पोचलीच नाहीत.

अखेर खेळाडूंची संघटना आणि मेजर लीग यांनी २००६ पासून नियम घालून दिला. खेळाडू मेजर लीगच्या संघात दाखल झाल्यावरच मुख्य संचात त्याचं कार्ड निघेल आणि त्यावर ‘रूकी कार्ड’ असं अधिकृत बोधचिन्ह असेल. झालं, प्रश्न मिटला असं वाटलं. पण कायदा आला की पळवाट आलीच. बोमन या नावानं निघणाऱ्या संचांत होतकरू पोरांची कार्डं वेगळे क्रमांक देऊन, ‘जादा’ म्हणून घातली जाऊ लागली. त्यावर पुढे ‘पहिलं बोमन’ असं चिन्हही आलं. माझ्या नातवाच्या हाती पडलं ते असं कार्ड. ते खोटं नव्हतं, बनावट नव्हतं. त्या खेळाडूचं त्या नावाखालचं ते पहिलं कार्ड होतं. पण अधिकृत अर्थानं ते रूकी कार्ड नव्हतं.

आणि यातला विनोद असा, की बाजार पुष्कळदा अधिकृत अर्थाला जुमानत नाही. माइक ट्राउट या खेळाडूचं स्वाक्षरी असलेलं, एकमेव प्रत असलेलं २००९चं बोमन कार्ड ऑगस्ट २०२०मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरना गेलं. त्याचं अधिकृत रूकी कार्ड मात्र २०११चं, कारण मेजर लीगमध्ये तो उतरला जुलै २०११मध्ये. आणि सर्वोत्तम नवख्याचा पुरस्कार त्याला मिळाला २०१२ साली! कारण फलंदाजीच्या १३० अधिकृत संधी पूर्ण होईपर्यंत खेळाडू नवखाच धरला जातो आणि २०११मध्ये त्याच्या भरल्या होत्या १२३. एकाच माणसाचे तीन आरंभ, तिन्ही खरे.

इथवर सगळं गमतीचं वाटतं. पण या कसोटीतल्या दोन शब्दांपाशी मी थबकलो. ‘मेजर लीग’ आणि ‘देशभर’. कारण १९४७पर्यंत मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि ती भिंत पडली. त्याचं रूकी कार्ड म्हणून लीफ कंपनीचं कार्ड सांगतात. त्या संचाला १९४८चा म्हणतात, पण त्यातली बरीच कार्डं प्रत्यक्षात १९४९मध्ये आली असं अभ्यासक मानतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४७ सालीच, बाँड ब्रेड या पाव बनवणाऱ्या कंपनीनं रॉबिन्सनची १३ कार्डं काढली होती. मात्र ती देशभर गेली नाहीत, म्हणून नियमाच्या बाहेर. ज्यांनी पावाबरोबर ते चित्र घरी नेलं, त्यांच्या लेखी पहिलं कार्ड कोणतं असेल? आज काही संग्राहक उघडपणे म्हणू लागले आहेत, की रॉबिन्सनचं खरं पहिलं कार्ड हेच.

सॅचेल पेज हा अफाट गोलंदाज मेजर लीगमध्ये आला तो १९४८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी. वीस वर्षं मैदान गाजवलेल्या माणसाचं ‘नवखा’ म्हणून कार्ड निघालं. जॉश गिब्सनच्या नशिबी तेही नव्हतं. गिब्सन म्हणजे काळ्यांच्या लीगमधला सर्वांत जबरदस्त फलंदाज. तो जानेवारी १९४७मध्ये, ३५व्या वर्षी गेला. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तेव्हा तीन महिने उरले होते. त्याचं नावाजलेलं कार्ड आहे ते प्वेर्तो रिको बेटावर निघालेल्या १९५०-५१च्या संचातलं. तिथे तो हिवाळ्यात खेळायला जात असे. म्हणजे ते निघालं त्याच्या मृत्यूनंतर, आणि तेही परमुलखात. डिसेंबर २०२०मध्ये मेजर लीगनं त्या जुन्या लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदवहीत घेतले. तेव्हा फलंदाजीच्या आयुष्यभराच्या सरासरीत गिब्सन पहिला ठरला. टाय कॉब या गोऱ्या खेळाडूच्या नावावर कित्येक दशकं असलेला मान त्याच्याकडे आला. सरासरीत पहिला, आणि रूकी कार्डाच्या यादीत जागाच नाही.

यावरून मला जे कळलं ते एवढंच : ‘पहिलं’ ही वस्तू झाडाला लागलेली नसते, ती मोजणारा ठरवतो. मोजणाऱ्यानं जिथे दार ठेवलं, तिथून आत आलेलं पहिलं. माझी पहिली कविता कोणती, हे मला कुणी विचारलं तर मीही अडखळतो. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर हातानं लिहून चिकटवलेली, की दिवाळी अंकात छापून आलेली? समीक्षक छापलेली धरील. माझी आई होती, तिनं भित्तिपत्रकावरचीच धरली असती.

म्हणून कसोट्या फेकून द्यायच्या असं नाही. व्यवहाराला नियम लागतातच, नाहीतर उद्या कुणीही कुठलंही कार्ड ‘पहिलं’ म्हणून गळ्यात मारील. पण कुणी ‘पहिलं’ म्हणालं, की विचारावं : कुठल्या स्पर्धेतलं पहिलं? कुणी छापलेलं? कुठवर पोचलेलं? आणि हे ठरवलं कुणी? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली, की मग पैसे मोजायचे की नाही ते ज्याचं त्यानं पाहावं.

नातवाला मी हेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे नाना, माझं कार्ड पहिलंय, पण रूकी नाही.” मी म्हटलं, “बरोबर.” त्यानं ते कार्ड परत दिलं नाही. मात्र पुढच्या खेपेला फोनवर त्यानं विचारलं, की जॉश गिब्सनचं चित्र कुठे पाहायला मिळेल. दोन कार्डांच्या बदल्यात एवढं त्याच्या हाती लागलं असेल, तर सौदा अगदीच तोट्याचा झाला असं मी म्हणणार नाही.