कारागिराला फोटो दाखवण्याआधी: आपल्याला शोभणारा हेअरकट कसा निवडायचा?

आजचा भाग केसांवर. लालबागहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय. वय २३, पुढच्या महिन्यात पहिल्या नोकरीचा इंटरव्ह्यू. तो म्हणतो, "दादा, क्रिकेटरचा फोटो दाखवून सेम टू सेम कट मारून घेतला. कारागिराने मारलासुद्धा सेम. पण माझ्यावर तो तसा दिसतच नाही. आणि कपाळाचे कोपरे मागे सरकायला लागलेत, म्हणून हल्ली मी घराबाहेर टोपी काढतच नाही." खरं सांगू, या दुसऱ्या वाक्यासाठीच हा भाग करावासा वाटला. त्याच्याकडे येतोच. आधी फोटोचं बोलू.

फोटोत नुसता कट नसतो. त्या माणसाच्या केसांचा दाटपणा असतो, केसांची दिशा असते, शेजारी ड्रायर घेऊन उभा असलेला माणूस असतो, लाइट असते. यातला कारागीर तुम्हाला फक्त कट देऊ शकतो. २००३ साली 'तेरे नाम' आला आणि गल्लोगल्ली मधला भांग दिसायला लागला. ज्यांचे केस सरळ आणि जड, त्यांच्यावर तो पडला तरी. कुरळ्या केसांवर त्याचं छप्पर झालं. २००८ ला 'गजनी' आला आणि मशीन फिरली. तेव्हा कितीजणांना पहिल्यांदा कळलं की आपलं डोकं मागून सपाट आहे!

तर पहिला नियम, निदान माझा तरी: कट निवडताना चेहऱ्याच्या आधी केस बघायचे. यूट्यूबवर सगळे गोल चेहरा, लांबट चेहरा, चौकोनी चेहरा असं सांगत बसतात. ते चुकीचं नाही, पण सोपं आहे. दोन मिनिटांत संपवतो. चेहरा गोल असेल तर बाजू कमी आणि वर थोडी उंची. चेहरा लांबट असेल तर याच्या उलट, बाजू अगदी साफ करायच्या नाहीत, नाहीतर तो आणखी लांब दिसतो. कपाळ मोठं असेल तर केस मागे ओढून बसवू नका, पुढे किंवा तिरके येऊ द्या. कान बाहेर असतील तर कानाच्या वर थोडे केस राहू द्या. जबडा चौकोनी असेल तर नशीबवान आहात, बहुतेक सगळं चालतं.

पण हे सगळं सेल्फीवरून ठरवू नका बरं का. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडून दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याला जवळ असलेलं मोठं दिसतं आणि मागचे कान, डोक्याच्या बाजू बारीक होतात. म्हणजे जो चेहरा बघून तुम्ही कट ठरवताय तो तुमचा नाहीच. त्यात सेल्फी घेताना स्क्रीनवर आरशासारखं उलटं दिसतं, त्यामुळे भांग कुठल्या बाजूचा शोभतो याचाही घोळ. मित्राला सांगा, पाच-सहा फुटांवरून काढ. समोरून एक, बाजूने एक, आणि मागून एक. मागचा फोटो कोणीच काढत नाही आणि लोकल ट्रेनमध्ये मागचा माणूस तासभर तोच बघत असतो.

आता येऊ भोवऱ्याकडे. भोवरा म्हणजे टाळूवर केस जिथून गोल फिरतात ती जागा. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात असं आज्जी म्हणते, त्याची जबाबदारी मी घेत नाही. पण दोन भोवरे असतील तर मागचे केस फार आखूड ठेवले की ते उभे राहणार, हे मात्र नक्की. भोवरा ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला केस आपसूक पडतात. त्याच्या विरुद्ध भांग पाडलात तर रोज सकाळी वॅक्स घेऊन भांडण. घरी करून बघा: डोकं धुवा, टॉवेलने टिपा, कंगवा लावू नका, सुकू द्या. केस स्वतःहून जिकडे गेले, तिकडेच तुमचा भांग.

कुरळ्या केसांच्या मित्रांनो, तुमच्यासाठी वेगळं. ओले असताना तुमचे केस लांब दिसतात, सुकले की आखडतात. म्हणून ओल्या केसांवर कात्री चालत असेल तर "बोटभर जास्त ठेवा" असं आधीच सांगा. आणि ते सरळ करण्याच्या मागे लागू नका. दादरच्या शिवाजी पार्कवर घडलेला सचिन १९८९ साली १६ वर्षांचा असताना पाकिस्तान दौऱ्यावर गेला, तेव्हाचे फोटो बघा. डोकंभर कुरळे केस, आणि काय शोभायचे त्याला!

मुंबईचं हवामान हा तर वेगळाच विषय आहे. ड्रायरने केस उभे केले की ते का राहतात? केस ओले झाले की त्यांच्यातले काही बंध सुटतात, आणि सुकताना जो आकार असेल त्यात पुन्हा जुळतात. आता परळला चढलात, चर्चगेटला उतरायचंय म्हणून दादरला गाडी बदललीत, घाम आला, हवेत दमटपणा. बंध पुन्हा सुटले. सकाळी नऊचा पफ साडेदहाला आडवा. म्हणून जो कट फक्त ड्रायरवर उभा राहतो तो जून ते ऑक्टोबर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खुर्चीत बसल्यावर बोलायचं काय? "मिडियम करा" हे वाक्य विसरा. तुमचा मिडियम आणि त्यांचा मिडियम यात दोन इंचांचा फरक असतो. मशीनला जे प्लास्टिकचे कंगवे लागतात त्यांचे नंबर लक्षात ठेवा: एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. "बाजूने तीन नंबर, खाली उतरताना दोन, वर कात्रीने, मशीन नको" असं म्हणालात की अर्धं काम झालं. मान कशी हवी तेही सांगा. वस्तऱ्याने सरळ रेघ मारली की पहिले चार दिवस कडक दिसते, मग खालून खुंट येतात. तीच मान हळूहळू विरळ होत गेली तर तीन आठवडेही वाईट दिसत नाही.

इथेच खर्चाचाही प्रश्न येतो. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. झिरोपासून वर चढत जाणारा फेड पंधरा दिवसांत धूसर होतो. तो ठेवायचा तर महिन्यातून दोनदा खुर्चीत बसायची तयारी हवी. गिरगावातल्या चाळीखालच्या जुन्या सलूनमध्ये ते परवडेल, मॉलमधल्या एसी सलूनमध्ये खिसा बघून ठरवा. कात्रीचा कट पाच आठवडे सहज निघतो. मी तर म्हणतो, कट झाल्या दिवशी फोटो काढू नका, आठव्या दिवशी काढा. तेव्हाही चांगला दिसत असेल तर तोच फोटो जपून ठेवा आणि पुढच्या वेळी कारागिराला दाखवा. क्रिकेटरचा नाही, स्वतःचा.

आणि रविवारी सकाळी जाऊ नका. बाकावर आठ जण बसलेत, तुमचा नंबर नववा, कारागिराला तुमचा भोवरा बघायला वेळ कुठे? बुधवारी दुपारी जा. सोमवारी जाऊन शटर बघून परत येऊ नका, बरीच सलून त्या दिवशी बंद असतात. जाता जाता एक गंमत: गिरणी कामगारांना ही रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळायला लागली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. आणि त्याच वर्षी, त्यांच्याच पुढाकाराने, मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. हातावर पोट असलेल्या माणसांनी समाजाला तोंडावर सांगितलं, हे काम आम्ही करणार नाही. त्यामुळे आजचा कारागीर "हा कट तुम्हाला जाणार नाही" म्हणाला तर तोंड वाकडं करू नका, ऐकून घ्या.

आता टोपीवाला प्रश्न. मित्रा, विशीत कपाळाचे कोपरे मागे जाणं खूप कॉमन आहे. रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, तेवढ्याने घाबरू नकोस. पण कोपरे खोल होत असतील, टाळू दिसायला लागली असेल, तर बहुतेक वेळा ते अनुवंशिक असतं. टोपीने ते होत नाही आणि तेलाने ते थांबत नाही. टक्कल केलं की केस दाट येतात हेही खोटं. मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधक बाईंनी १९२८ सालीच मोजून दाखवलं की वस्तरा फिरवल्याने केसांची जाडी किंवा वेग बदलत नाही. खुंट जाड वाटतो कारण त्याचं निमुळतं टोक कापलं गेलेलं असतं, एवढंच.

औषधं आहेत, आणि लवकर सुरू केली तर जास्त उपयोग होतो. पण मिनॉक्सिडिलचा परिणाम दिसायला काही महिने जातात आणि बंद केलं की मिळालेलं जातं. म्हणून रील बघून मागवू नकोस, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्किनची ओपीडी असते. परळचं केईएम तर तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. हेअर ट्रान्सप्लांटसाठी कर्ज काढायचा विचार तेविसाव्या वर्षी तरी नको. गळती अजून कुठवर जाणार तेच ठरलेलं नसतं. पुढे लावलेले केस राहतील आणि त्यांच्या मागचे जातील, मग काय करशील?

आणि कट? लपवणं सोड. लांब केस ओढून कोपऱ्यांवर आणले की वाऱ्याची एक झुळूक आणि सगळं उघडं. उलट बाजू आखूड केल्या की वरचे केस तुलनेने दाट दिसतात. बाजूला दोन नंबर, वर दीड-दोन इंच, कात्रीने असमान कापलेले, पुढे किंचित तिरके. जेल नको, ओलं दिसलं की टाळू चमकते. मॅट क्ले चण्याएवढं घे. गळती जास्तच असेल तर सरळ सगळीकडे दोन नंबर आणि नीट राखलेली दाढी. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मात्र कट नको, पाच-सहा दिवस आधी कर, म्हणजे काही बिनसलं तर सावरायला वेळ मिळतो.

हो, एक राहिलंच. वस्तऱ्याला नवीन ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा, लाजू नका. रक्त लागलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी, सी पसरू शकतो. आणि मानेला झटका देऊन "कडकड" वाजवायला लागले की "काका, ते राहू द्या" म्हणायचं.

पुढच्या भागात दाढी. ट्रिमरचे प्रश्न आत्तापासून पाठवून ठेवा.