विश्वचषकाची पूर्वतयारी आणि आपला जालना जिल्हा

सतरा वर्षांखालील मुलांच्या ज्या फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद डिसेंबर 2013 मध्ये भारताला लाभले, त्यात 6 ते 28 ऑक्टोबर 2017 या काळात 24 संघ सहा नगरांत झुंजले आणि त्या नगरांत आपली नवी मुंबईही होती. क्रिकेटसाठी ख्यातनाम असलेल्या तेथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर फुटबॉलयोग्य हिरवळीची तजवीज झाली, सरावाची मैदानेही सिद्ध झाली. परंतु माझ्या मते या साऱ्याहून मोलाची तयारी ती, जी 15 सप्टेंबर 2017 रोजी, दहा लक्ष मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा या संकल्पाने, राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांच्या अंगणांत घडवून आणली.

म्हणूनच आपल्या जालना जिल्ह्यातील अंबड, परतूर, मंठा, भोकरदन येथील मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की क्रीडासाहित्याच्या वार्षिक तरतुदीतून फुटबॉल अवश्य घ्यावेत आणि ते कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलामुलींच्या हाती रोज सोपवावेत.