कीटकनाशकाचे माहितीपत्रक व कारखानदाराची जबाबदारी

कपाशीवर मावा अगर तुडतुडे दिसू लागले म्हणजे शेतकरी दुकानातून औषध आणतो, खोके व आतील घडीचा कागद बांधावर टाकतो आणि फवारणीस लागतो. औषध बनविणाऱ्या कंपनीवर कायद्याने कोणती बंधने घातली आहेत, हे त्याच कागदावरून कळते.

या कायद्यास एक दुःखद घटना कारण झाली. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक मिसळलेले पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. पीठ व विष जहाजावर जवळजवळ ठेवले गेले होते. चौकशी आयोग नेमण्यात आला, आणि पुढे कीटकनाशक कायदा, १९६८ संमत होऊन १९७१ साली अमलात आला.

या कायद्यान्वये कीटकनाशक तयार करणारास किंवा बाहेरून आणणारास प्रथम केंद्रीय नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी करून घ्यावी लागते. औषध किडीवर गुणकारी आहे, एवढे दाखवून भागत नाही; मनुष्य व जनावरे यांच्या दृष्टीने ते सुरक्षित असल्याबद्दल समितीची खात्री पटवावी लागते. कारखान्याचा परवाना निराळा.

वेष्टणावर शंकरपाळीच्या आकाराची खूण छापणे कंपनीस बंधनकारक आहे. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल रंग अत्यंत जहाल विषाचा. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्विष, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे.

माहितीपत्रकात औषध कोणत्या किडीसाठी व कसे वापरावे, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट हा मजकूर असलाच पाहिजे. हिंदी व इंग्रजीबरोबर, जेथे माल विकला जाणार तेथील प्रादेशिक भाषेतही तो द्यावा लागतो. टाइप इतका बारीक असतो की वयस्कर माणसास तो शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावा लागेल. तसे करण्यात कमीपणा नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा वेळी रोग्याबरोबर खोके व माहितीपत्रक दवाखान्यात न्यावे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधाच्या बाधेवर ॲट्रोपिन देतात. सर्वच औषधांवर तो उतारा चालत नाही. पोटात काय गेले हे न कळल्यास डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो.

माल कमअस्सल निघाल्यास जबाबदार कोण? मूळ डबा योग्य रीतीने साठविणाऱ्या व माल परवानाधारकाकडून घेतल्याचे सिद्ध करणाऱ्या दुकानदारास, दोष त्याला कळण्याजोगा नसल्यास, कायदा सूट देतो. कारखानदार व आयातदार यांना मात्र ‘दोष आम्हांस ठाऊक नव्हता’ असा बचाव करता येत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना अगर इशारा न दिल्यामुळे हानी झाल्यास उत्पादकाकडे भरपाई मागता येते. शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. परंतु मालाचा गैरवापर झालेला असल्यास या कायद्याखालील दावा टिकत नाही. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधे पंपात एकत्र कालविणाराने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

तक्रारीस आधार हवा तो पक्क्या पावतीचा. तीवर औषधाचे नाव, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख लिहून घ्यावी आणि बाटलीवरील मजकुराशी दुकानातच ताडून पाहावी. संशय आल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यास त्वरित कळवावे. निरीक्षकास दुकानातील त्याच बॅचचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठविण्याचा अधिकार आहे. परंतु सर्व माल विकला गेल्यावर कळविल्यास नमुना मिळणे कठीण होते.