तारा झाकला, हवा सापडली

प्लूटोवर हवा आहे याचा भक्कम पुरावा दिला तो एका मंद ताऱ्याने. ९ जून १९८८ रोजी प्लूटो त्या ताऱ्यासमोरून सरकला. पॅसिफिक महासागरावर उडणाऱ्या ‘कायपर’ या विमान-वेधशाळेतील ९१ सेंटिमीटरची दुर्बीण त्यावर रोखलेली होती. नुसत्या खडकाआड गेलेला तारा क्षणात विझतो. हा मात्र हळूहळू मंदावला.

अशा झाकोळण्याला खगोलशास्त्रात ‘पिधान’ म्हणतात. विरळ वायूतून जाताना ताऱ्याचा प्रकाश वाकतो, फाकतो. तो कसा मंदावत गेला यावरून हवेचा दाब आणि तापमान काढता येते. वायू कोणते, हे वर्णपट सांगतो. प्लूटोवर मुख्यतः नायट्रोजन, सोबत थोडा मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड.

खरी गंमत पुढे आहे. १९८९ नंतर प्लूटो सूर्यापासून दूर जाऊ लागला, तेव्हा ही हवा गोठून विरत जाईल असे अनेकांना वाटले होते. पिधानांनी उलटेच दाखवले: दाब वाढत गेला! ‘स्पुटनिक प्लॅनिशिया’ या खोलगट मैदानातला नायट्रोजनचा बर्फ उन्हात येत होता, हे त्याचे पटणारे कारण. ‘न्यू होरायझन्स’ यान १४ जुलै २०१५ रोजी जवळून गेले, तेव्हा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे एक लक्षांश भरला.

६ जून २०२० च्या पिधानाचे वेध उत्तराखंडातील देवस्थळ येथून ३.६ आणि १.३ मीटरच्या दुर्बिणींनी घेतले गेले. त्यांतून दिसले, की २०१५ पासून दाबाची वाढ थांबून तो जवळपास स्थिरावला होता.